मुंबईतील ‘कूड’ : गोमंतकीय ख्रिस्ती तरुणांची एक जुनी संस्था
(द्वितीय वर्ष, कला)

मुंबईने कोकण पोसले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरोघरी येणाऱ्या मनीऑर्डरींवर आपल्या आधीच्या दोनतीन पिढ्या जगल्या, हे खरेच आहे. परंतु मनीऑर्डर पाठविण्याजोगा होईपर्यंत त्या नवख्या मुलाला मुंबईत कोणी सांभाळले? पहिल्या रात्री त्याने अंग कुठे टाकले? ताप आला तर पेज कोणी करून दिली? इतिहासाच्या पुस्तकात गिरण्या आहेत, गोद्या आहेत, आगगाड्या आहेत. त्या चालविणारी माणसे रात्री कुठे निजत होती, हे मात्र त्यात सहसा सापडत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका निजण्याच्या जागेची ओळख करून द्यावयाची आहे. ही जागा म्हणजे मुंबईतील गोव्याच्या ख्रिस्ती तरुणांची ‘कूड’. माझ्या वर्गातील एका मैत्रिणीचे आजोळ गोव्यात, बारदेस तालुक्यात आहे. तिचे आजोबा बोटीवर कुक होते. त्यांच्या बोलण्यात “आमच्या गावची कूड” हा शब्द वारंवार येई, असे ती सांगते. तो शब्द ऐकून प्रथम मला नवल वाटले. आपल्याकडे कूड म्हणजे काठ्या-कामट्या उभारून शेणामातीने लिंपलेली भिंत. कोकणीत मात्र कूड म्हणजे खोली. मुंबईकर गोमंतकीय इंग्रजीतून बोलताना तिला ‘क्लब’ म्हणतात. पण क्लब म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पत्ते आणि टेनिस उभे राहते, तसले तेथे काही नव्हते. एका गावच्या गरीब माणसांनी परक्या शहरात मिळून घेतलेली खोली, इतकाच त्याचा साधा अर्थ.

गाव सोडण्याची कारणे

गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. त्यांचा व्यापार आणि वैभव ओसरल्यावर तेथील सामान्य माणसाला पोटापाण्याचे साधन फारसे उरले नाही. जमीन बव्हंशी गावकारीची किंवा भाटकारांची. भाटकाराच्या भाटात झोपडी बांधून राहणारा मुंडकार त्याच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नसे. उद्योगधंदे नाहीत, आणि घरात खाणारी तोंडे अनेक. याच सुमारास उत्तरेकडे ब्रिटिशांची मुंबई वाढत होती.

नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ पासून काही वर्षे, ब्रिटिश फौजेचा तळ गोव्यात होता. त्या वेळी गोव्याचा ख्रिस्ती आचारी आणि नोकर इंग्रजांच्या परिचयाचा झाला. गोमांस, डुकराचे मांस किंवा मद्य यांचा त्याला विटाळ नव्हता, त्यामुळे साहेबाच्या स्वयंपाकघरात तो निर्वेधपणे वावरू शके. दुसरी गोष्ट संगीताची. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. खेड्यातील ज्या पोराला धड पुस्तक वाचता येत नसे, त्यालाही पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येई. मुंबईच्या बँडपथकांत आणि हॉटेलांत या विद्येला मोल होते.

पुढे १८७८ साली ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत करार झाला. त्याअन्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि मिठागरांवर जगणाऱ्यांचे हाल झाले. याच करारातून मुरगावपासून घाटावर जाणारा लोहमार्ग तयार झाला. म्हणजे एका हाताने भाकरी गेली आणि दुसऱ्या हाताने गाव सोडण्याची वाट मिळाली. त्यापूर्वी माणसे पायी घाट चढून किंवा शिडाच्या पडावातून जात. आता आगगाडी व आगबोट आली. आचारी, बटलर, शिंपी, बेकरीवाले, वादक, कारकून आणि सर्वांत जास्त संख्येने ‘तारवटी’, म्हणजे बोटीवरचे खलाशी, मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागले.

कूड कशी चालत असे

बोटीवरच्या नोकरीचे स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय कुडीचे महत्त्व कळत नाही. तारवटी एका सफरीवर कित्येक महिने बाहेर असे. सफर संपली की नोकरीही संपली. मग दुसरी बोट मिळेपर्यंत मुंबईत थांबावयाचे, शिपिंग कचेरीत खेटे घालावयाचे. हा थांबा कधी पंधरा दिवसांचा, तर कधी सहा महिन्यांचाही असू शके. अशा माणसाला वर्षभराचे भाडे भरून खोली घेणे परवडत नाही. पण त्याला एक कायमचा पत्ता मात्र हवा असतो. घरून पत्र कोठे यावयाचे? सामान कोठे ठेवावयाचे? या गरजेतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेका गावाने मुंबईत जागा घेण्यास प्रारंभ केला.

या जागा मुख्यतः धोबीतलाव, काळबादेवी, गिरगाव, डाबूल, माझगाव या भागांत होत्या. त्यामागे दोन कारणे होती. तेथून गोदी फार दूर नव्हती, आणि त्या भागात चर्चही होते. धोबीतलावच्या नाक्यावर, मेट्रो सिनेमाच्या समोर जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तीत तर निरनिराळ्या गावांच्या अनेक कुडी एकाच छपराखाली नांदल्या. गेल्या शतकाच्या मध्यावर मुंबईत अशा कुडींची संख्या तीनशेच्या वर गेली होती. गोव्याचा जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती वस्तीचा गाव त्यात आला.

कुडीत शिरले की एक लांब खोली दिसे. पलंग नाहीत. भिंतीच्या कडेने ओळीने मांडलेल्या ट्रंका आणि पेट्या. प्रत्येक पेटीवर मालकाचे नाव. पेटी हीच सभासदाची खूण. माणूस समुद्रावर असो की गावी असो, त्याची पेटी कुडीत असली म्हणजे त्याचे स्थान अबाधित. रात्री पेटीसमोर चटई पसरावयाची, सकाळी गुंडाळून ठेवावयाची. मासिक वर्गणी अगदी अल्प असे. त्यातून जागेचे भाडे, दिवाबत्ती आणि झाडलोट भागे. शिल्लक राही ती अडल्यानडल्याच्या उपयोगी पडे. कोणी आजारी झाला, कोणाची बोट लवकर लागली नाही, कोणी मरण पावला, तर कुडीच्या निधीतून मदत होई.

खोलीच्या दर्शनी भागी गावच्या चर्चच्या संताची वेदी असे. रोज रात्री ठरलेल्या वेळी सर्वांनी तिच्यापुढे बसून ‘तेर्स’, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणावयाची. हजर असलेल्याला ती चुकविता येत नसे. दारू पिऊन येऊ नये, भांडणतंटा करू नये, स्त्रियांना आत आणू नये, ठराविक वेळेनंतर दार बंद, असे नियम होते. वर्षातून एकदा संताचे ‘फेस्त’ होई. त्या दिवशी मिस्सा, ‘लदीन’ नावाची गायलेली प्रार्थना, वाजंत्री आणि सर्वांसाठी खाणेपिणे. ज्याला गावच्या फेस्ताला जाता आले नाही, त्याला ते फेस्त मुंबईत मिळे.

कारभार कोणी शिकविला?

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. हे लोक फारसे शिकलेले नव्हते. बहुतेकांची शाळा चर्चच्या अंगणात सुरू होऊन तेथेच संपलेली. मग अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडणे, हिशेब ठेवणे, सभा घेऊन तंटे मिटविणे, हे त्यांना कसे जमले?

मला वाटते, याचे उत्तर त्यांच्या गावातच आहे. गोव्यातील गावकारी ही पोर्तुगीजांच्या आधीपासूनची संस्था. गावची जमीन गावकऱ्यांच्या सामायिक मालकीची, तिचा लिलाव सभेत व्हावयाचा, बांधबंदिस्तीचा आणि देवळाचा खर्च काढून उरलेला वाटा गावकऱ्यांना मिळावयाचा. पोर्तुगीजांनी १५२६ साली या चालीरीती लेखी नोंदवून घेतल्या आणि नाव बदलून ही व्यवस्था पुढे चालू ठेवली. त्याशिवाय प्रत्येक चर्चला जोडलेली ‘कोन्फ्रारिया’, म्हणजे भाविकांचे मंडळ असे. फेस्ताचा खर्च, प्रेतयात्रेची व्यवस्था ही कामे ते मंडळ करी. सामायिक पैसा सांभाळण्याची आणि पाळीपाळीने जबाबदारी घेण्याची सवय या लोकांच्या अंगात अशा रीतीने पूर्वीपासून होती. मुंबईत आल्यावर त्यांनी तीच पद्धत भाड्याच्या खोलीला लावली. गरीब माणसाला कारभार येत नाही, असे जे सर्रास म्हटले जाते, त्याला ही कूड एक चांगले उत्तर आहे.

संगीत, तियात्र आणि पत्रे

कुडीत नुसती झोपेचीच सोय होती असे नव्हे. सायंकाळी रिकामी असलेली शेदीडशे माणसे आजूबाजूला राहात असल्यावर करमणूकही जन्माला येणारच. कोकणी रंगभूमीवरील ‘तियात्र’ हा प्रकार गोव्यात जन्मला असेल, असे आपल्याला वाटते. वास्तविक त्याचा जन्म मुंबईचा. १७ एप्रिल १८९२ रोजी लुकाझिन रिबेरो यांनी ‘इटालियन भुरगो’ हा खेळ मुंबईत केला, तो पहिला तियात्र मानतात. त्याचा प्रेक्षक म्हणजे हाच घरापासून दूर असलेला कष्टकरी. चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेली गोव्याची मुले पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक थोर वादक व संगीतरचनाकार. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचे नाव १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यात आणले आणि ते देशभर पोचले. गाणे सर्वांना पाठ आहे. माणूस मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

कोकणी भाषेतील पहिले नियतकालिक ‘उदेंतेचें साळक’ हे १८८९ साली आपल्या पुण्यातून निघाले, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. ज्या भाषेला स्वतःच्या गावात पोर्तुगीजपुढे मान नव्हता, तिला पोटासाठी परमुलुखी गेलेल्या लोकांनी छापखाना दिला.

वाय.एम.सी.ए. आणि आपल्या गावकीच्या खोल्या

ख्रिस्ती तरुणांची संघटना म्हटले की प्रथम नाव येते ते वाय.एम.सी.ए.चे. तिचा उगमही अशाच गरजेतून झाला. लंडनमधील एका कापड दुकानात नोकरी करणारा जॉर्ज विल्यम्स हा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याने आणि त्याच्या अकरा सोबत्यांनी ६ जून १८४४ रोजी ही संघटना काढली. दिवसभर दुकानात राबून रात्री तेथेच माळ्यावर निजणाऱ्या मुलांना प्रार्थना, वाचन आणि सत्संग लाभावा, हा तिचा हेतू. मुंबईत ती १८७५ साली आली. आपल्या मैदानावर आपण खेळतो तो व्हॉलीबॉल १८९५ साली अमेरिकेत याच संघटनेच्या एका व्यायामशिक्षकाने, विल्यम मॉर्गनने, शोधून काढला. तिची कार्यालये देशोदेशी झाली, पगारी चिटणीस आले, मोठमोठ्या इमारती उठल्या. कुडीला यातले काहीच लाभले नाही. तिच्यामागे ना मिशन होते, ना सरकार. गावाची वर्गणी हेच तिचे सर्व भांडवल.

म्हणूनच मला कुडीची जवळीक वाटते ती आपल्याच लोकांच्या गावकीच्या खोल्यांशी. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. त्यांच्या गावची एक खोली होती. दहा बाय बाराच्या त्या खोलीत तीसपस्तीस माणसांची नावे, आणि पाळ्यांप्रमाणे झोप. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. भिंतीला वळकट्या आणि पेट्या, कोपऱ्यात गावच्या देवाची तसबीर, शनिवारी भजन. जेवण खानावळवाल्या बाईकडे. अशा बायांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, हे आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. आमच्या गावच्या शाळेवरची कौले खोलीच्या वर्गणीतून आली, असे आजोबा सांगतात. मैत्रिणीने कुडीची हकिगत सांगितली तेव्हा मी ती घरी त्यांना सांगितली. ते म्हणाले, “मगे वेगळा काय? त्यांची तेर्स, आमचा भजन.”

दोष

कोणत्याही संस्थेचे गुणगान करताना तिचे दोष झाकू नयेत. कुडीचे दार ‘गाव कोणता?’ एवढेच विचारून उघडे, हे तिचे मोठेपण. पण तोच प्रश्न इतरांसाठी दार बंदही करी. शेजारच्या गावचा मुलगा कितीही अडचणीत असला तरी त्याला आपल्या गावची कूड शोधावी लागे. त्याहून खेदाची गोष्ट जातीची. धर्म बदलला तरी गोव्यात ख्रिस्ती समाजातील जातिभेद गेला नाही, आणि काही गावांच्या कुडी जातीजातीप्रमाणे वेगळ्या निघाल्या. वेदीवर संत एक, पण चटया निराळ्या. आपल्या गावकीच्या खोल्यांनाही या बाबतीत बोट दाखविण्याचा अधिकार नाही. गावात वाडे जसे वेगळे, तशा मुंबईत खोल्याही बहुधा वेगळ्याच होत्या.

दुसरा दोष स्त्रियांविषयीचा. गोव्यातून मुंबईला नुसते पुरुषच गेले नाहीत. साहेबांची आणि पारशांची मुले सांभाळावयास आया म्हणून कितीतरी बायका गेल्या. नोकरी सुटली की त्यांनी जावे कोठे? त्यांच्यासाठी अशी सोय फारच थोडी होती. मी मुलगी असल्यामुळे हा प्रश्न मला अधिक टोचतो, हे मी मान्य करते. पुढील वर्षी पदवी घेऊन एम.ए.साठी मुंबईला जाण्याचा माझा विचार आहे. आमच्या घरात महाविद्यालयात पाऊल टाकणारी मीच पहिली. आजोबांना त्या शहरात पहिल्या दिवशी एक चटई हक्काची होती. आज त्यांच्या नातीने विचारले तर, खोली असती तरीही, तिला तेथे जागा नव्हती.

उतरती कळा

१९५५ साली भारत आणि गोवा यांच्यामधील वाहतूक बंद पडली. येण्याजाण्यावर आणि पैसे पाठविण्यावर निर्बंध आले. कित्येक मुंबईकर गोमंतकीयांची स्वतःच्या घराशी ताटातूट झाली. त्या दिवसांत कूड हाच त्यांचा गाव झाला असणार. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढे तेथे शाळा-महाविद्यालये आली, खाणी, पर्यटन, सरकारी नोकऱ्या आल्या. १९७० नंतर आखाती देशांची वाट उघडली. विमानवाहतूक वाढल्यावर प्रवासी बोटींचे दिवस संपले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईचे काम उरकून दुसऱ्या दिवशी परतणेही शक्य झाले. साहजिकच कुडीतील पेट्या कमी होत गेल्या. आज त्यांतील काही कुडी बंद आहेत. काही जुन्या भाडेकरारावर तग धरून आहेत. काहींनी इतर गावच्या मुलांनाही दार उघडले आहे. दक्षिण मुंबईतील जागेला आज जो भाव आहे तो पाहता, जुन्या इमारती पाडून नव्या उठविणाऱ्यांचे लक्ष तेथे न गेले तरच नवल.

आपल्या खोल्यांचा शेवट याहून लवकर झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या मात्र मिटल्या. आजोबा पेटी घेऊन गावी आले ते कायमचे.

आपण काय घ्यावे?

जुने ते सर्व सोने, असे मला म्हणावयाचे नाही. एका खोलीत तीस माणसे निजणे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. ती नाइलाजाची होती. जातीची आणि गावाची कुंपणे तर पुन्हा नकोतच. परंतु त्या नाइलाजातून या माणसांनी एक नियम काढला. नव्या येणाऱ्याला जागा देणे हे आधी आलेल्याचे कर्तव्य आहे, हा तो नियम. आधी आलेला उपकार करीत नव्हता आणि नवा आलेला भीक मागत नव्हता, कारण आज जो सभासद होता तोही काल कोणाच्या तरी चटईच्या शेजारी निजला होता. हा नियम आपण उचलला पाहिजे, आणि त्याचे दार गाव, जात, धर्म व मुलगा-मुलगी हा भेद न मानता सर्वांना मोकळे केले पाहिजे.

आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी काही मुलेमुली पुढील शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मुंबई-पुण्याला जातात. बहुतेकांच्या घरात त्यांच्याआधी कोणी त्या वाटेने गेलेले नसते. वसतिगृहाचा अर्ज केव्हा करावा, कोणत्या भागात भाडे झेपेल, कोणती खानावळ बरी, हे सांगणारे कोणी नसते. आपल्या ग्रंथालयात एक वही ठेवावी. जो जाईल त्याने स्वखुशीने आपला शहरातील पत्ता तीत लिहावा आणि पाठीमागून येणाऱ्याला पहिले चार दिवस मदत करण्याचे वचन द्यावे. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. प्राचार्यांनी व विद्यार्थी मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. वहीतील पहिल्या पानावर, मुंबईला गेल्यावर, माझा पत्ता मी लिहीन.